विद्यार्थ्यांचे साहित्य-शब्दकोश आणि पोथ्यांची परिभाषा

शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकरितां छापलेले साहित्यविषयक पारिभाषिक शब्दांचे लहान लहान कोश अलीकडे बरेच झाले आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून प्राचीन मराठी ग्रंथांचें नांव अधिक ऐकूं येऊं लागलें आहे, व जुनी पोथी स्वतः उघडून पाहावी अशी इच्छा असलेले तरुणहि मधून मधून भेटतात. अशा तरुणाच्या हातीं हे कोश दिले तर त्यांच्या साहाय्यानें त्यास पोथीचें शेवटचें पान वाचतां येईल काय, एवढ्याच दृष्टीनें मीं त्यांपैकीं कांहीं पुस्तकें तपासलीं. येईल असें म्हणवत नाहीं. उलट कित्येक ठिकाणीं कोश न वाचलेला मनुष्य बरा, अशी स्थिति आहे. दोष बहुतेकांत सारखाच असल्यामुळें कोणा एकाचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं.

या कोशांतील शब्द दोन खाणींतून आलेले आहेत. पहिली संस्कृत काव्यशास्त्राची. तींतून शब्दशक्ति, गुण, रस, अलंकार, वृत्त, यति, गण हे शब्द निघाले. दुसरी इंग्रजी साहित्यविचाराची. तिच्यांतील कल्पनांस संस्कृत पोशाख चढवून शोकात्मिका, प्रतिमा, निवेदक, कथानक, व्यक्तिरेखा असे शब्द रूढ करण्यांत आले. दोन्ही आपापल्या जागीं योग्य आहेत. अलंकारांच्या प्रकरणांत पिढ्यान्‌पिढ्या तींच उदाहरणें चालत आलीं आहेत व 'जणू' दिसला कीं उत्प्रेक्षा म्हणावी एवढेंच विद्यार्थी शिकतो, ही तक्रार जुनी आहे. तिचा येथें विस्तार नको. परंतु तिसरी एक खाण आहे व तिच्याकडे कोणाचेंहि लक्ष गेलेलें दिसत नाहीं. मराठी ग्रंथ ज्यांनीं सांगितले, लिहून घेतले, नकलले, शोधले व रुमालांत बांधून जपले, त्या लोकांची शके १२१२ पासून छापखाने येईपर्यंत पांचशें वर्षांहून अधिक काळ चाललेली स्वतःची एक परिभाषा होती. ती या कोशांत नाहीं. ती अगदींच नसती तरी चाललें असतें. अडचण अशी कीं तिच्यांतील शब्द कोशांत आहेत, पण अर्थ निराळे आहेत; त्यामुळें विद्यार्थ्यास आपण अडलों आहों हेंच कळत नाहीं.

'लेखक' हा शब्द घ्यावा. ग्रंथ रचणारा असा त्याचा अर्थ दिलेला असतो, आणि आजच्या मराठींत तो बरोबरच आहे. पोथींत मात्र लेखक म्हणजे अक्षर काढणारा, नकल उतरणारा. रचणारा तो कर्ता किंवा कवि. व्यासांनीं गणपतीस भारताचा लेखक होण्याची विनंति केली ही आदिपर्वांतील कथा लहान मुलांसहि ठाऊक असते. (पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तींत सुखठणकरांनीं ही कथा मूळ संहितेंतून काढून परिशिष्टांत घातली आहे, शब्दाच्या अर्थास त्यामुळें बाध येत नाहीं.) कोशांतला अर्थ येथें लावला तर महाभारत गणपतीनें रचलें असें म्हणावें लागेल. कथा माहीत असते म्हणून येथें कोणी फसत नाहीं. पोथीच्या अखेरीस 'लिखितं' या शब्दाशेजारीं एखाद्या अप्रसिद्ध घराण्यांतील भटजींचें नांव येतें तेव्हां मात्र चांगले शिकलेलेहि फसतात. एका गृहस्थांच्या घरच्या पोथ्यांची त्यांच्या नातवानें कष्टानें तयार केलेली यादी मीं पाहिली आहे. तींत गीतेवरील एका सुप्रसिद्ध टीकेपुढें 'लेखक' या सदराखालीं त्याच घराण्यांतील एका पूर्वजाचें नांव होतें. मुलगा पदवीधर, यादी सुवाच्य, आकार व पत्रसंख्या अचूक. शाळेंत शिकविलेला अर्थ त्यानें प्रामाणिकपणें वापरला, इतकेंच. अशी यादी एकदां छापली गेली कीं तिच्यावरून दुसरी होते, दुसरीवरून तिसरी, आणि जगांत कधींच नसलेला एक ग्रंथकार वाङ्मयाच्या इतिहासांत येऊन बसतो. त्यास तेथून उठविण्यास पुढें एक स्वतंत्र लेख लिहावा लागतो.

ज्या मजकुरांत हीं नांवें येतात त्यास पुष्पिका म्हणतात. मीं पाहिलेल्या कोशांत हा शब्दच नाहीं. एका पुष्पिकेंत चार निरनिराळ्या मनुष्यांचीं नांवें येऊं शकतात: ग्रंथाचा कर्ता, प्रत उतरणारा लेखक, ज्याच्याकरितां उतरली तो, आणि पुढें केव्हां तरी ती पोथी ज्याच्या मालकीची झाली तो. 'आत्मपठनार्थ' असें असेल तर दुसरा व तिसरा एकच समजावा. मालकाचें नांव बहुधा निराळ्या शाईनें व निराळ्या वळणाच्या अक्षरांत असतें, कधीं पहिल्या पत्राच्या कोऱ्या बाजूवरच असतें. हें सर्व समजण्यास पांडित्य लागत नाहीं. चार शब्द व दोन डोळे पुरतात.

पुष्पिकेजवळ नेहमीं आढळणाऱ्या श्लोकांचीहि हीच गोष्ट. जसें पुढ्यांत होतें तसें उतरलें आहे, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊं नये. पाठ, कंबर व मान मोडून हें लिहिलें आहे, जपून ठेवावें. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून व मूर्खाच्या हातापासून या पुस्तकाचें रक्षण करावें, अशा अर्थाचे हे श्लोक आहेत. ते हिंदुस्थानभर हजारों पोथ्यांवर आहेत, व त्यांचा त्या ग्रंथाशीं कांहीं एक संबंध नाहीं. पण कवीचें आत्मनिवेदन, कवीचा विनय, असे शब्द पाठ केलेला विद्यार्थी त्यांत कवीच्या स्वभावाचें दर्शन घेतो. नकलकाराची कंबर दुखली, आणि विनयशील ठरले कविराज.

लेखक, कर्ता व शोधक हे तीन शब्द समजावून देण्यास ज्ञानेश्वरीइतका सोईचा ग्रंथ नाहीं, आणि तो तर प्रत्येक विद्यार्थ्यास निदान नांवानें परिचित आहे. ग्रंथ ज्ञानदेवांनीं सांगितला. ते आपणांस श्रोत्यांपुढें बोलणारे म्हणूनच वागवितात. शके १२१२ मध्यें तो पूर्ण झाल्याचें सांगणाऱ्या अखेरच्या ओवींत सच्चिदानंदबाबांचें नांव येतें व त्यांस 'लेखकु' म्हटलें आहे. येथें लेखक शब्दाचा जुना अर्थ ढळढळीत समोर आहे, तरी तो दाखविण्याचें कोणास सुचत नाहीं. पुढें शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्यें, एकनाथांनीं त्या ग्रंथाची प्रतिशुद्धि केली. त्यांनींहि अखेरीस कांहीं ओव्या जोडून आपण काय केलें तें सांगितलें आहे, व पुढें कोणी या ग्रंथांत स्वतःच्या ओव्या घुसडूं नयेत अशी ताकीद दिली आहे. ही ताकीद सर्वांस माहीत असते. परंतु त्याच ठिकाणीं एकनाथांनीं 'पाठांतर' हा शब्द घातला आहे, त्याकडे पाहावें. आजच्या विद्यार्थ्यास पाठांतर म्हणजे घोकून मुखोद्गत करणें. म्हणून तो समजतो कीं लोकांनीं ज्ञानेश्वरी तोंडपाठ केली व त्या भरांत ती बिघडली. तोंडपाठ करण्यानेंहि ग्रंथ बिघडतो हें खरें. पण शब्द तें सांगत नाहीं. पाठांतर म्हणजे दुसरा पाठ, एकाच स्थळीं निरनिराळ्या प्रतींतून आढळणारें निराळें वाचन; ज्यास आपण पाठभेद म्हणतों तें. 'अबद्ध' म्हणजेहि न बांधलेलें नव्हे, अशुद्ध, चुकीचें. हे दोन शब्द नीट कळले तर एकनाथांपुढें एकाहून अधिक प्रती होत्या व त्यांचा परस्परांशीं मेळ बसत नव्हता, हें आपोआप ध्यानांत येतें. न कळले तर मराठींतील एका मोठ्या ग्रंथशोधनाचा वृत्तान्त केवळ भाविक आख्यायिका म्हणून हातावेगळा होतो. संहिता-चिकित्सा हा शब्द पदवीच्या वर्गांत १९४१ सालच्या कत्रे यांच्या इंग्रजी पुस्तकापासून आरंभ करून शिकवितात. शिकवावा, तें पुस्तक उत्तमच आहे. पण ती गोष्ट मराठींत त्याआधीं साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ होती व तिचे शब्दहि होते.

काळाच्या बाबतींतहि असाच घोटाळा होतो. रचनेचा शक, नकलेचा शक व शोधनाचा शक हे तीन वेगळे असूं शकतात, आणि भोळा नकलकार जुन्या प्रतींतील शक जसाच्या तसा उतरून ठेवतो, तेव्हां आणखी एक फसवणूक वाढते. शकाबरोबर संवत्सराचें नांव असेल तर ताळा घेतां येतो: शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें, बाकी राहील तितका प्रभवापासूनचा संवत्सर. १५०६ मध्यें १२ मिळविले कीं १५१८, बाकी १८, अठरावा तारण. एकनाथांनीं तारण संवत्सरच सांगितला आहे. हें गणित सातवींतील मुलास येतें, आणि त्यास साहित्याच्या पुस्तकांत जागा मिळाली तर कांहीं बिघडणार नाहीं.

आतां 'ग्रंथ' शब्द. कोशांत त्यापुढें 'मोठें पुस्तक' असा अर्थ असतो. पोथीवाल्यांच्या भाषेंत ग्रंथ हें मापहि आहे. अनुष्टुभ् श्लोकाचीं अक्षरें ३२. म्हणून गद्य असो, पद्य असो, ३२ अक्षरांस एक ग्रंथ म्हणतात. लेखकाची मजुरीहि या मापानें ठरवीत. अखेरीस 'ग्रंथसंख्या १२००' असें असेल तर बाराशें पुस्तकें किंवा बाराशें ओव्या असा अर्थ नव्हे. ३८,४०० अक्षरांचा मजकूर असा आहे. संग्राहकास याचा रोकडा उपयोग होतो. समजा, पोथीच्या एका पृष्ठावर दहा ओळी व ओळींत सुमारें ३२ अक्षरें आहेत. तर पृष्ठावर दहा ग्रंथ बसले, एका पत्रावर वीस. बाराशें ग्रंथांस साठ पत्रें हवींत. रुमालांत एकावन्न निघालीं तर नऊ गेलीं आहेत असा संशय घ्यावा, शेवटचें पत्र जागेवर असलें तरीहि. मधलीं पत्रें अनेकदां दुसऱ्याच रुमालांत सांपडतात. येथें 'पत्र' व 'पृष्ठ' यांतील भेदहि सांगितला पाहिजे. पोथींत अंक पत्रास असतो, पृष्ठास नसतो. 'पान' या सोईस्कर शब्दानें दोहोंची गल्लत होते व पोथीची पृष्ठसंख्या एकदम अर्धी किंवा दुप्पट होऊन बसते.

कांहीं शब्द केवळ गमतीचे आहेत, तरी त्यांतहि वेळ जातो. दासबोधाचे वीस दशक व प्रत्येकीं दहा समास, म्हणजे दोनशें समास. द्वंद्व व बहुव्रीहि घोकलेला मुलगा हें ऐकून चकित होतो आणि कोणी त्यास समजावीत नाहीं. 'त्रिपाठी' हें आडनांव आहे एवढेंच त्यास ठाऊक. मधोमध मूळ व वर-खालीं टीका अशा लेखनपद्धतीच्या पोथीसहि तोच शब्द लावितात, आणि टीका चारहि बाजूंनीं असली तर पंचपाठी म्हणतात. 'टीका' म्हणजे दोषारोप, अशी तर आजची पक्की समजूत आहे. भावार्थदीपिका ही गीतेवरील टीका आहे हें वाक्य वाचून एका हुशार मुलीनें मला विचारलें होतें कीं ज्ञानेश्वरांस गीतेंतील काय पसंत नव्हतें. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. तिला दिलेला अर्थ अपुरा होता.

'प्रतीक' मात्र गमतीचा शब्द नाहीं. इंग्रजीच्या वळणानें त्यास एखादी अमूर्त कल्पना सुचविणारी मूर्त वस्तु असा अर्थ आला व तोच कोशांत आहे. टीकाकारांच्या भाषेंत प्रतीक म्हणजे मूळ श्लोकांतील जो शब्द उचलून टीका आरंभिली तो शब्द. मल्लिनाथ प्रत्येक श्लोकाचा पहिला शब्द घेऊन पुढें 'इति' लिहितो व मग व्याख्या करितो, तें प्रतीक. पुष्कळ पोथ्यांत डोळ्यास चटकन् दिसावें म्हणून प्रतीकांवर गेरू फासलेला असतो. मूळ ग्रंथ हरवला व टीका राहिली, तर या प्रतीकांवरून मुळाचा पाठ निदान तुकड्यांनीं परत मिळवितां येतो, आणि टीकाकारापुढें कोणता पाठ होता याचा तर तोच पहिला पुरावा. म्हणून 'या टीकेंतील प्रतीकें तपासा' असें सांगितल्यावर विद्यार्थी कमळ, दीप व हंस यांची यादी घेऊन आला तर तो हंसण्याचा विषय नव्हे.

शोधनाच्या कामांतील 'हरताळ' शब्दाचें तर म्हणींच्या व वाक्प्रचारांच्या यादींत रोजचें येणें-जाणें आहे. कर्तव्यास हरताळ फासणें म्हणजे कर्तव्य विसरणें, एवढें लिहून विद्यार्थी गुण मिळवितो. चुकलेल्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन तीं झांकीत व वर शुद्ध अक्षर काढीत, ही क्रिया कोठेंहि सांगितलेली नसते. (बाजार बंद ठेवण्याचा हरताळ हा निराळाच शब्द, त्याची गल्लतहि नित्याचीच.) पोथींतील पिवळा डाग हा घाणीचा डाग नसून एका वाचकाच्या विचाराची खूण आहे, व लेप झडला असल्यास खालचें मूळ अक्षर उजेडांत तिरकें धरून वाचतां येतें, हें ज्यास माहीत नाहीं तो ती खूण पुसून टाकण्यास जातो. असें पुसलेलें पत्र मीं पाहिलें आहे.

छापील पाठ्यपुस्तकांनीं आणखी एक सवय लाविली. परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या 'नवनीत'ची पहिली आवृत्ति १८५४ सालची. तेव्हांपासून शाळेंतील मुलास जुनी कविता वेंच्यांच्या रूपानें भेटूं लागली. या उद्योगाचें ऋण फार मोठें आहे, तें नाकारण्याचा हेतु नाहीं. पण पोथींत ओळीमागून ओळ सलग चालते. पद सुटें केलेलें नसतें, चरण खालीं-खालीं मांडलेला नसतो, ओवी संपल्याचें कळतें तें दंडावरून व अंकावरून. ग्रंथाचें नांवहि आरंभीं नसतें, अखेरीस 'इति' नंतर असतें. वेंचे छापतांना संपादक आपल्या सोईसाठीं माथ्यावर नांव घालतो. परीक्षेंत मग शीर्षकाची समर्पकता विचारतात, व विद्यार्थी संतकवीस शाबासकी देतो. ती खरोखर पाठ्यपुस्तक-मंडळांतील कोणा अज्ञात सभासदास पोंचावयास हवी. ओवीच्या व्याख्येंतहि असेंच होतें. ज्ञानेश्वरांची ओवी साडेतीन चरणांची, एकनाथांची साडेचार, असें सांगून प्रकरण आटोपतात. ११२९ च्या सुमाराच्या सोमेश्वराच्या मानसोल्लासांत महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ओवी आधीं गळ्यांत होती, मोजणी मागाहून आली. माधव जूलियनांच्या छंदोरचनेसारखा ग्रंथ हाताशीं असतां कोशकारांनीं ही बाजू इतक्या त्रोटकपणें कां उरकावी कळत नाहीं.

अभंगाच्या अखेरीस कवीचें नांव येतें त्यास मुद्रिका किंवा नाममुद्रा म्हणतात. कोशांत त्याजागीं 'टोपणनांव' दिसलें. टोपणनांव आधुनिक कवि आपणास लपविण्यासाठीं अथवा मिरविण्यासाठीं घेतो. मुद्रा उमटवितात ती माल कोणाचा हें कळण्यासाठीं. आणि मुद्रेवर विश्वास किती ठेवावा हा आपल्या संशोधनांतला नित्याचा प्रश्न आहे. नामदेवांच्या गाथेंत सोळाव्या शतकांतील विष्णुदास नामा किती मिसळला आहे याचा निवाडा केवळ 'नामा' या मुद्रेवर होत नाहीं. भाषा, प्रतींचा काळ, विषय हें सारें पाहावें लागतें. जनाबाई तर आपली ओळख नामदेवाची दासी म्हणूनच देते, तेव्हां तिच्या मुद्रेंतहि नामयाचें नांव असतें, व घाईनें यादी करणारा तें पद नामदेवांच्या खात्यांत लिहितो. टोपणनांव या शब्दानें यांतील एकहि अडचण सुचत नाहीं.

शब्दांचे अर्थ बदलतात, शाळेनें आजचा अर्थ शिकवावा, असा आक्षेप यावर येईल. त्यांतील तथ्य मला मान्य आहे. कादंबरी हें बाणाच्या एका गद्यकाव्याचें, त्यांतील नायिकेवरून पडलेलें नांव. आज तें एका सबंध साहित्यप्रकाराचें नांव झालें आहे, आणि बाबा पदमनजींच्या १८५७ च्या यमुनापर्यटनास कादंबरी म्हणूं नका असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. निबंध म्हणजे धर्मशास्त्रावरील संग्रहग्रंथ. हेमाद्रीचा चतुर्वर्गचिंतामणि हा निबंध. चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ त निघाली व शब्दानें दुसरें घर केलें. माझें म्हणणें एवढेंच कीं शब्दानें घर बदललें तरी जुना पत्ता लिहून ठेवावा, कारण त्या पत्त्यावरचा माल अजून आपल्या कपाटांत आहे. प्रत्येक नोंदींत 'पोथींत' असें म्हणून एक ओळ वाढली तर कोशाचीं फार तर आठ-दहा पृष्ठें वाढतील.

आपल्या पक्षाकडेहि दोष आहे. प्रस्तुत लेखकानें (हा शब्द आजच्या अर्थीं घ्यावा) पाहिलेल्या कित्येक संग्रहांच्या छापील याद्यांत 'लेखक' हें एकच सदर आहे व त्यांत कोठें कर्ता, कोठें नकलकार भरलेला आहे. कोशकार शेवटीं आपल्याच याद्यांवरून शिकणार. नव्या याद्यांत कर्ता, लेखक व मालक अशीं तीन सदरें आणि रचनाशक, लेखनशक अशीं दोन सदरें वेगळीं असावींत. २००३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपि मिशनामुळें पोथ्यांचीं छायाचित्रें पुष्कळ झालीं. छायाचित्रावरून यादी करणाराच्या हातीं पत्र येत नाहीं, मग त्यास निदान शब्द तरी नेमके हवेत.

या शब्दांचा संग्रह पुस्तकांवरून नव्हे, पुष्पिकांवरूनच झाला पाहिजे, व तो एकट्यानें होणारा नाहीं. या त्रैमासिकाच्या ज्या वाचकांजवळ शक-संवत्सर दिलेल्या मराठी पोथ्या असतील त्यांनीं पुष्पिकेची अक्षरशः नकल, पत्रसंख्या, पृष्ठावरील ओळी, ओळींतील अक्षरें व हरताळ किंवा गेरू असल्यास त्याची नोंद संपादकांकडे पाठवावी. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलें असल्यास तसेंच ठेवावें, शुद्ध करूं नये. शेवटचें पत्र नसेल तर पहिल्या पत्राच्या कोऱ्या बाजूवर काय आहे तें पाठवावें. तेथें बहुधा कोणी तरी कांहीं लिहिलेलें असतें.